फेरवाटी

"बारबोले, तुम्ही अजून एकदाही मेला नाहीत," चीफसाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?"

ओटीवर हशा पिकला. मीही हसलो, पण आतून सुखावलो होतो. माझ्यापुढची पितळी वाटी काजूच्या सुक्या बियांनी शिगोशीग भरली होती. बाकीच्यांच्या वाट्यांचे तळ दिसत होते. होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडायला यापेक्षा वेगळं काय लागतं, असं तेव्हा मला वाटत होतं. माणूस एकतिसाव्या वर्षीही किती बावळट असू शकतो, याचा दाखला हवा असेल तर माझं नाव खुशाल द्या.

वेंगुर्ल्याची गोष्ट. मे महिना, रविवारची सकाळ. चीफसाहेब म्हणजे शलाकाचे वडील, वसंत केळुसकर. सारी हयात जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून काढलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही गावात त्यांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नसे. जहाजावरून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या, एक कमरेचं दुखणं आणि दुसरी पोकरची आवड. दर रविवारी ओटीवर डाव बसायचा. काजूचा कारखाना चालवणारे भाई सामंत आणि चर्चमधली मिस्सा आटोपून सायकलवर येणारा बेकरीवाला इनास फर्नांडिस हे दोन कायमचे गडी. पत्ते वाटायला सुट्टीवर आलेली शलाका. आणि त्या दिवशी चौथा गडी मी, बार्शीचा निरंजन बारबोले, पाहुणा म्हणून आलेला आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या कारणासाठी आलेला.

कारण सरळ होतं. शलाका आणि मी पुण्यात एकाच कंपनीत होतो आणि आम्हाला लग्न करायचं होतं. वाकडं होतं ते एवढंच, की माझं एक लग्न आधी झालेलं होतं. आठ महिने टिकलं. दोघांत वाईट कुणीच नव्हतं, पण दोघांनाही त्या घरात श्वास घेता येत नव्हता. शलाकाला मी हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तिनं वडिलांना सांगितलं. आईला मात्र सांगितलं नव्हतं.

"आईला तू सांगायचंस," एसटीतून उतरतानाच तिनं मला बजावलं होतं. "स्वतः. आजच. आणि एक आधीच सांगते, ती नाही म्हणाली तर मी पळून-बिळून येणाऱ्यातली नाही."

"सांगतो की. त्यात काय!"

त्यात काय होतं ते शलाकाची आई, शालनकाकी, समोर आल्यावर कळलं. उंच बांधा, सावळा रंग, कपाळाला मोठं कुंकू, आणि बोलणं असं बेतशीर की जास्तीचा शब्द सांडला तर जणू पुसून घ्यावा लागेल. "या. बसा. प्रवास नीट झाला ना?" एवढं शुद्ध पुस्तकी मराठी बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या त्या गेल्याच. शेजारणीशी, नवऱ्याशी, मांजराशीसुद्धा त्यांचं खळखळतं मालवणी चालू होतं. माझ्या वाट्याला तेवढी प्रमाण भाषा आली होती. परक्याला चांगला कप काढतात, तशी.

मी मनाशी ठरवून टाकलं, आधी डाव जिंकायचा, चार लोकांत नाव मिळवायचं आणि मग जेवणानंतर सावकाश विषय काढायचा. पळपुट्या माणसाची कामं नेहमी जेवणानंतरच असतात.

खेळाचे नियम चीफसाहेबांनी सुरुवातीलाच समजावले होते. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे पाच उघडे. त्यातून ज्याचा मेळ भारी, बिया त्याच्या. पैशाचा खेळ या घरात चालत नाही, म्हणून वाटीभर काजूच्या बिया.

"वाटी संपली, की माणूस मेला," ते म्हणाले. "पण आमच्याकडे मेलेल्याला परत उठता येतं. त्याला म्हणायचं फेरवाटी. स्वयंपाकघरात जायचं, एक नारळ खवून द्यायचा आणि नवी वाटी भरून आणायची. कितीही वेळा. फक्त भात चुलीवर चढेपर्यंत. आतून हाक आली 'भात ठेवतंय', की फेरवाटी बंद. त्यानंतर मेला तो मेला."

"म्हणजे खरा खेळ भात चढल्यावर," मी शहाणपणा केला.

"चूक. भाताआधी जो मरायला भितो, त्याच्याकडे भातानंतर जगायला काही उरत नाही. फेरवाटी आहे तोवर हात सैल सोडायचा. बऱ्यावाईट पत्त्यांवर उडी मारायची. मेलो तर एक नारळ, जगलो तर मोठी वाटी. आणि भात चढला, की मग मूठ आवळायची. पण बहुतेक लोक उलटं करतात. फुकट मरायची सोय असते तेव्हा जपून बसतात आणि सोय संपली की घाबरून उधळतात."

हे सगळं मला पटलं, आणि मी नेमकं उलटं केलं. त्याला माझा इलाज नव्हता. बार्शीत आमच्या घरी साबणाचा शेवटचा तुकडा नव्या वडीला चिकटवून वापरत. वाटी फुकट परत मिळते म्हणून ती उधळायची, हे माझ्या हाडांना कळत नव्हतं. शिवाय नारळ! आमच्याकडे नारळ देवापुढे फुटतो आणि प्रसादात संपतो. स्वयंपाकाला दाण्याचं कूट. ती खवायची विळी, आडाळा म्हणतात तो, मी जन्मात शिवलो नव्हतो. आणि तिसरं कारण असं, की आडाळ्याच्या पलीकडे शालनकाकी बसल्या होत्या.

तेव्हा मी एक्के-राजे आल्याखेरीज हात घालत नव्हतो. बाकीचे तिघे मात्र धडाधड मरत होते. इनास दोनदा आत जाऊन आला. चीफसाहेब स्वतः एकदा गेले आणि कंबर धरून परतले. भाई सामंत आत गेले ते अंगठ्याला हळद लावलेली चिंधी गुंडाळूनच बाहेर आले.

"कापलं?" मी विचारलं.

"आडाळो नवो आसा," भाई पुटपुटले. चीफसाहेब खाकरले. भाई गप्प झाले.

दर रविवारी इथं खेळणाऱ्या माणसाचं बोट कापावं, याचं मला जरा नवल वाटलं. मग मीच समजूत घातली, भाई पट्टीचे खेळाडू असणार, आत जायची वेळ त्यांच्यावर क्वचित येत असेल.

एव्हाना ऊन अंगणातून पायरीवर चढलं होतं. आतून वाटणातल्या तिरफळांचा वास येत होता आणि पोटात कावळे ओरडायला लागले होते.

"वहिनी, भात?" भाईंनी हाक दिली.

"ठेवूक नाय अजून," आतून उत्तर आलं.

"आज ह्या काय नवीन!" इनास कळवळला. "मिस्सेक जाताना निसतो चाय घेतलंय मी."

शलाका कोकम सरबताचे पेले घेऊन आली. माझ्यापुढे पेला ठेवताना ती इतकी वाकली, की तिचे शब्द फक्त मलाच ऐकू यावेत.

"तू हरणार आहेस की नाही?"

"अगं, मी जिंकतोय!"

"तेच म्हणते मी. सगळे आत जाऊन आले. आईशी चार शब्द बोलून आले. तू एकटाच इथं वाटी राखत बसलायस. तिनं मघाशी मला विचारलं, 'तुमच्या पाहुण्यांना स्वयंपाकघराचं वावडं आहे का?'"

मी वाटीकडे बघितलं. इतका वेळ जी मला माझी कमाई वाटत होती, ती आता दारात आडवी पडलेली म्हैस वाटायला लागली. आणि जेवणानंतर बोलू हे जे मी ठरवलं होतं, ते किती पोकळ आहे तेही त्याच क्षणी कळलं. जेवणानंतर इथं सगळे झोपणार, संध्याकाळी माझी गाडी. आत जायचा रस्ता एकच होता, आणि भात चढला की तोही बंद.

मी ठरवलं, मरायचं.

पुढच्याच डावात मला सत्ती-दुर्री आली. पोकरमध्ये याहून भिकार जोडी नाही. मी मनात देवाचे आभार मानले आणि भरलेली वाटी मधे सरकवली. "सगळी."

भाईंनी आपले पत्ते बघितले, माझ्याकडे बघितलं आणि पत्ते खाली टाकले. "पॅक. ह्यो सकाळधरून एक्क्याशिवाय हललो नाय."

"पॅक," इनास म्हणाला.

"पॅक," चीफसाहेब म्हणाले आणि त्यांनी डावाच्या सुरुवातीला मधे टाकलेल्या बिया माझ्याकडे सरकवल्या. "सुरेख."

सकाळभर जपून खेळल्याचं हे फळ. माझी अब्रू इतकी चोख झाली होती, की मला कुणी मारायलाच तयार नव्हतं. पुढच्या डावात पत्ते न बघताच मी पुन्हा सगळी वाटी लावली. पुन्हा सगळे पॅक. माझी वाटी सांडायला लागली, म्हणून शलाकानं ताटली आणून दिली. देताना तिनं माझ्याकडे जे बघितलं, ते मी आजतागायत विसरलेलो नाही.

तिसऱ्या खेपेला इनास पेटला. "पुरे झाला! माझी पण सगळी." त्यानं पत्ते आपटले, राजांची जोडी. माझ्या हातात पुन्हा सत्ती-दुर्री. आता मात्र सुटलो, असं वाटून मी जवळजवळ हसलोच. शलाकानं मधे एकेक पत्ता उघडला. चौकट सत्ती. मग इस्पिक दहिली. मग किलवर सत्ती.

"तीन सत्त्या!" भाई ओरडले. "काय नशीब रे ह्येचा!"

उरलेल्या दोन पत्त्यांत राजा आला नाही. इनास उठला आणि नारळ खवायला तिसऱ्यांदा आत गेला. मी कपाळाला हात लावून बसलो. जिंकण्यासाठी नवस बोलणारे खूप बघितले असतील. हरण्यासाठी ग्रामदेवतेला नारळ बोललेला माणूस बहुधा मी एकटाच.

इनास परतला तो खोबऱ्याचे हात पुसत. "वहिनी इचारता, नारळ एकच रवलो. आता भात ठेवू काय?"

चीफसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "काय बारबोले, ठेवायचा का भात?"

"एक डाव, सर," मी म्हणालो.

शलाकानं पत्ते वाटले. मी माझे उचलले, इस्पिक चौकी आणि चौकट तिर्री. खेळाची युक्ती, छाप, नाव, सगळं एकदम नकोसं झालं मला. मी दोन्ही पत्ते सगळ्यांना दिसतील असे उघडे टाकले आणि वाटी, ताटली दोन्ही मधे सरकवल्या.

"चौकी-तिर्री," मी म्हणालो. "सगळं लावलंय. कुणीतरी मला मारा. मला आत जायचंय."

भाईंचं तोंड उघडंच राहिलं. चीफसाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"पत्ते असे उघडे टाकायचे नसतात, बारबोले."

"माहीत आहे, सर."

"हं." त्यांनी आपली वाटी पुढे केली. माझ्याएवढ्या बिया त्यांच्याकडे नव्हत्या, म्हणून भाईंनी न विचारता आपली वाटी त्यात ओतली, इनासनंही ओतली. असा नियम जगातल्या कुठल्याही पोकरमध्ये नसेल. चीफसाहेबांकडे राणी-गुलाम होते. शलाका पत्ते उघडायला लागली. मधे राणी आली, मग नव्वी, मग छक्की, दहिली आणि शेवटी गुलाम. चौकी आली नाही, तिर्री आली नाही. मी मेलो. आयुष्यात एवढं हलकं मला क्वचित वाटलं असेल.

"जा," चीफसाहेब म्हणाले. "आणि बोटं सांभाळा."

स्वयंपाकघरात शालनकाकी पाटावर बसून बांगडे साफ करत होत्या. बाजूला धुतलेले तांदूळ पातेल्यात तयार होते. चुलीत नुसता निखारा होता.

"या," त्या म्हणाल्या. "आडाळ्यावर बसता येतं?"

"नाही. पण बसतो."

त्यांनी फोडलेल्या नारळाची एक वाटी माझ्या हातात दिली. "काठापासून सुरुवात करा. हळूहळू आत. मधेच खणायला गेलात तर करवंटी येते."

मी खवायला लागलो. खोबरं परातीत कमी आणि माझ्या विजारीवर जास्त पडत होतं. मी नारळाकडे बघतच बोललो, वर बघायची हिंमत नव्हती.

"काकी, मला एक सांगायचंय. माझं एक लग्न झालं होतं. आठ महिन्यांत मोडलं. कोर्टात रीतसर वेगळे झालो, त्याला चार वर्षं झाली. शलाकाला माहीत आहे. तुमच्यापासून लपवून मला या घरात जेवायचं नव्हतं."

बांगड्यावरचा विळीचा आवाज थांबला. मी खवत राहिलो.

त्या म्हणाल्या, "ती बरी आसा मा आता?"

मी वर बघितलं. मला वाटलं होतं, त्या विचारतील चूक कुणाची, कारण काय, लोक काय म्हणतील. या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती.

"हो," मी म्हणालो. "बरी आहे. लग्न झालं तिचं. नागपूरला असते. मुलगी आहे एक."

"तुका कसा म्हायत?"

"पत्रिका आली होती. गेलो नाही, अवघडल्यासारखं झालं असतं सगळ्यांना. पण आहेर पाठवला."

"काय पाठवलंस?"

"सोलापुरी चादर."

"लग्नात चादर?" त्यांच्या तोंडाला पदर गेला. "अरे मेल्या, साडी तरी पाठवूची!"

"साडी बरी दिसली नसती, काकी. आणि चादर चांगली होती. डबल."

त्या हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि माझा अडकलेला श्वास एकदम सुटला. तेव्हा मला हेही जाणवलं, की त्या माझ्याशी मालवणीत बोलत होत्या. चांगला कप परत फडताळात गेला होता.

"दी हय तो नारळ," त्यांनी माझ्या हातातली वाटी ओढून घेतली. "रक्त काढून घेशीत. जा, खेळाक जा. वाटी भरून घी आपली."

मी डब्यातून बिया भरून घेतल्या. त्यांनी वाकून निखाऱ्यावर लाकडं सारली, फुंकर मारली आणि पातेलं चुलीवर चढवलं. मग ओटीकडे तोंड करून अशी हाक दिली, की माडावरचे कावळे उडावेत.

"भात ठेवतंय गोऽऽ!"

बाहेर एकदम खुर्च्या सरकल्या. "देव पावलो!" असं इनास ओरडला. मी ओटीवर गेलो तेव्हा शलाका पत्ते पिसत होती आणि ते तिच्या हातून पुन्हापुन्हा निसटत होते. चीफसाहेबांनी माझ्या विजारीवरचं खोबरं बघितलं, माझा चेहरा बघितला आणि खुर्चीला पाठ टेकली.

"आता मूठ आवळून खेळा हं," ते म्हणाले.

कसलं आवळून! भाताला पहिली उकळी येण्याआधीच मी सगळ्या बिया इनासकडे घालवल्या आणि पंगतीत सर्वांत आधी जाऊन बसलो. बांगड्याचं तिखलं मी तीनदा मागून घेतलं. खोबऱ्यात कुठं कुठं करवंटीचा कच लागत होता, पण कुणी काही बोललं नाही.

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. पुढच्या मे महिन्यात जावई म्हणून पुन्हा त्या ओटीवर बसलो, तेव्हा चीफसाहेबांची शिकवण गळी उतरली होती. मी हात सैल सोडून खेळलो आणि दुसऱ्याच डावात मेलो. मोठ्या उत्साहानं बाह्या सरसावून उठलो.

"खंय चललंस?" भाईंनी विचारलं.

"नारळ खवायला. फेरवाटी."

तिघंही माझ्याकडे बघत राहिले आणि मग असे हसले, की इनासला ठसका लागला.

"खंयचो नारळ आणि खंयचा काय!" भाईंनी अंगठा माझ्या नाकासमोर धरला. त्यावर एक बारीक पांढरा व्रण होता. "ह्या बघ. तुझ्यापायी. इतकी वर्सां खेळतंव आमी, मेलो की नुसती दुसरी वाटी घेतंव. नारळाचो नेम तुझ्या सासूचो. तू येवच्या आदल्या रात्री आमका बोलावून सांगल्यान."

मी चीफसाहेबांकडे वळलो. ते छताकडे बघत होते.

"म्हणजे काकींना ठाऊक होतं? आधीच?"

"बत्तीस वर्षांचा संसार आहे आमचा," चीफसाहेब म्हणाले. "तिच्यापासून काही लपवायला मला अजून जमलेलं नाही. ती म्हणाली, माणसाला चारचौघांत विचारलं तर तो उत्तर देतो. हातात काम घेऊन बसला तर खरं बोलतो. आत येऊ दे त्याला, म्हणाली. नारळ माझ्याकडे आहेत."

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई तांदूळ धूत होत्या.

"आई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी आत आलोच नसतो, तर?"

त्यांनी पाणी निथळलं, पातेलं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू या प्रश्नात विचारण्यासारखं काहीच नव्हतं.

"मगे काय? भात ठेवलोच नसतो. बसले असते सगळे उपाशी."